खुलासा : कॅनरी बेटांचं नाव पक्ष्यावरून पडलेलं नाही

‘कॅनरी पक्ष्यांच्या थव्यांमुळे कॅनरी बेटांना हे नाव मिळालं’ अशी एक पोस्ट सध्या फिरते आहे. प्रकार नेमका उलटा आहे. नाव आधी बेटांचं, म्हणजे आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळच्या या स्पॅनिश बेटांचं. पक्ष्याला ते मागाहून चिकटलं.

पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो, की यातल्या एका बेटाला ‘कनारिया’ म्हणत, कारण तिथे धिप्पाड कुत्रे पुष्कळ होते. लॅटिनमध्ये ‘कानिस’ म्हणजे कुत्रा. ही कुत्र्यांची गोष्ट सगळ्याच अभ्यासकांना पटत नाही; काही जण उत्तर आफ्रिकेतल्या ‘कनारी’ जमातीकडे बोट दाखवतात. बेटांच्या अधिकृत चिन्हावर मात्र आजही दोन कुत्रेच उभे आहेत. आणि पोस्टमधल्या फोटोतला तो पिवळाधमक पक्षी? तो माणसाने पिंजऱ्यात पैदास करून घडवलेला. रानातला कॅनरी हिरवट-तपकिरी, रेघारेघांचा असतो.

म्हणून पक्ष्यांवरून नावं पडतच नाहीत असं नाही. इंग्लंडमधल्या क्रॅनफील्ड, क्रॅनबोर्न या गावांच्या नावांत जुन्या इंग्रजीतला ‘क्रॅन’ म्हणजे क्रौंच पक्षी दडलेला आहे. तिथले क्रौंच साधारण 1600 च्या सुमारास नाहीसे झाले आणि थेट 1979 मध्ये नॉरफोकच्या पाणथळीत परतले. मधली पावणेचारशे वर्षं पक्षी नव्हता, नाव होतं! नॉटिंगहॅमशायरमधल्या आर्नोल्ड गावाचं नावही पक्ष्यावरूनच, मूळ अर्थ ‘गरुडांचा कोपरा’.

पोस्ट पुढे पाठवली असेल, तर हेही पाठवा.