खुलासा: स्पेनचं आहार-संशोधन ‘बनावट’ ठरलेलं नाही

‘ऑलिव्ह तेल आणि सुकामेव्याने हृदयविकार टळतो म्हणणारं स्पेनचं संशोधन खोटं निघालं, म्हणून मागे घेतलं,’ असा मजकूर फिरतोय. यातलं मागे घेतल्याचं तेवढं खरं आहे.

‘प्रेडिमेड’ नावाच्या या अभ्यासात ७,४४७ लोक होते. २०१३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापलेला निबंध २०१८ मध्ये लेखकांनीच मागे घेतला आणि सुधारून तिथेच पुन्हा छापला. कारण लबाडी नव्हे. कोणाला कोणता आहार, हे प्रत्येकासाठी चिठ्ठी टाकल्यासारखं स्वतंत्र ठरायला हवं होतं. पण काही घरांत दुसऱ्या माणसालाही पहिल्याचाच आहार मिळाला, आणि एका केंद्रात तर अख्ख्या दवाखान्याला एकच आहार नेमून दिला. चूक गंभीरच होती.

असे लोक वगळून गणित मांडलं तरी ऑलिव्ह तेल किंवा सुकामेव्याचा आहार नेमून दिलेल्यांमध्ये, बाकीच्यांच्या तुलनेत, हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू मिळून सुमारे ३० टक्क्यांनी कमीच दिसले. फक्त निष्कर्षाची भाषा सौम्य झाली, आणि ते योग्यच झालं.

सहभागी मात्र ५५ ते ८० वयाचे, हृदयविकाराचा धोका जास्त असलेले होते. धडधाकट तरुणांना हे आकडे जसेच्या तसे लावू नका.