ऑनलाइन पदवी म्हणजे पाळकाची दीक्षा नव्हे

‘ऑनलाइन ईश्वरविज्ञानाची पदवी घ्या, पाळक (चर्चचे धर्मगुरू) व्हा, लग्नंही लावा’ असा संदेश ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, फिरतो आहे. तो साफ चुकीचा आहे. पदवी शिक्षणसंस्था देते, दीक्षा मंडळी. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बिशप आधी डिकन (पहिली पायरी), मग प्रेसबिटर (पूर्ण पाळक) म्हणून दीक्षा देतात. लग्नाचं तर फारच गंभीर आहे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याच्या कलम ५ नुसार अधिकार नसताना कुणी लग्न लावलं, तर कलम ६८ खाली दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते; शिवाय नोंदणीच्या वेळी त्या बिचाऱ्या जोडप्याची फरफट होते ती वेगळीच.

मंडळीतली सेवा सांभाळून जरूर शिका. फक्त फी भरण्याआधी मान्यता कुणाची, ते लेखी घ्या. सेरामपूर कॉलेजच्या सिनेटची (ईश्वरविज्ञानाच्या पदव्या देणारं मंडळ) पदवी विद्यापीठाची असते. एशिया थिऑलॉजिकल असोसिएशन या ईश्वरविज्ञान शिक्षणसंस्थांच्या संघटनेची मान्यता सरकारी नसते. पुढे एम.टीएच. (ईश्वरविज्ञानातली पदव्युत्तर पदवी) करायचं असेल, तर ही पदवी तिथे चालेल का, हे त्या सेमिनरीलाच (पाळकांच्या शिक्षणसंस्थेला) विचारा.