साहेब मागे उभे आहेत

तत्काळचं एसीचं बुकिंग सकाळी दहाला उघडतं, स्लीपरचं अकराला. शेअर बाजार सव्वानऊ ते साडेतीन. कसोटी आपल्याकडे असेल तर पहिला चेंडू साडेनऊला. मुलांच्या शाळेचं फी भरायचं पोर्टल संध्याकाळी हमखास मान टाकतं. खासगी कामांच्या वेळा ठरवणारे आणि ऑफिसच्या वेळा ठरवणारे कधीतरी एकाच टेबलावर बसून चहा पिऊन गेलेत, असा माझा जुना संशय आहे. नोकरदाराने मग काय करायचं? घरचं काम ऑफिसच्या कॉम्प्युटरवर करायचं आणि साहेबांपासून लपवायचं. पण हे लपवणंही बहुतेक लोक इतकं गचाळ करतात, की त्यापेक्षा ऑफिसचं काम केलेलं बरं.

सगळ्यात जास्त माणसं ऑल्ट-टॅबने, म्हणजे ही दोन बटणं एकत्र दाबून विंडो बदलण्याने, बुडवली आहेत. लोकांना वाटतं, ते दाबलं की कामाची विंडो पुढे येते. तसं काही नाही. पुढे येते ती त्याआधी वापरलेली विंडो. तुम्ही फ्लॅटच्या जाहिराती बघत होता, मग दुसऱ्या विंडोत स्कोअर बघायला गेलात, तर साहेब दिसताच ऑल्ट-टॅब तुम्हाला मोठ्या इमानाने फ्लॅटच्या जाहिरातींवर आणून सोडणार. म्हणून खासगी विंडो एकच ठेवायची, आणि तिच्यात शिरण्याआधी दर वेळी एक्सेलवर एक क्लिक करून यायचं. काम नाही केलं तरी चालेल, क्लिक करायचा.

याहून वाईट पुढे आहे. माणूस दचकला की टॅबवरचं बोट उडतं, पण ऑल्टवरचा अंगठा तिथेच गोठतो. ऑल्ट सोडलं नाही तर विंडोज उघड्या असलेल्या यच्चयावत विंडोंची छोटी चित्रं स्क्रीनच्या मधोमध रुखवतासारखी मांडून ठेवतं. साहेबांना निवांत बघता येतं. एज ब्राउझर असेल तर त्यातले अलीकडचे टॅबसुद्धा सुटे करून मांडले जाऊ शकतात, म्हणजे जी साडीची साइट आपण एका टॅबमागे दडवली ती मानाने पुढे. ते बंद करायचं असेल तर सेटिंग्ज, सिस्टीम, मल्टिटास्किंग या वाटेने जा आणि ऑल्ट-टॅबमध्ये टॅब न दाखवण्याचा पर्याय निवडा. हे रिकाम्या वेळी करून ठेवायचं. साहेब मागे आल्यावर सेटिंग्ज शोधता येत नाहीत.

विंडोजचं बटण आणि डी, म्हणजे विंडोज-डी, हा काहींचा आवडता मार्ग. एका फटक्यात सगळं खाली, समोर स्वच्छ डेस्कटॉप. पण सकाळी साडेअकराला माणूस रिकाम्या निळ्या पडद्याकडे तल्लीन होऊन बघत का बसला आहे, याचं उत्तर तयार असेल तरच ते दाबावं. विंडोज-एल, म्हणजे कुलूप, तर आणखी भारी: पासवर्डच्या पडद्यासमोर हातावर हात ठेवून बसलेला कर्मचारी मी तरी कामसू समजणार नाही.

जाणकार लोक दुसरा डेस्कटॉप वापरतात. कंट्रोल-विंडोज-डी दाबलं की नवा कोरा डेस्कटॉप उघडतो; खासगी संसार तिकडे मांडायचा आणि कंट्रोल-विंडोजबरोबर बाण दाबून इकडे यायचं. एका डेस्कटॉपवरच्या विंडो दुसऱ्याच्या टास्कबारवर दिसत नाहीत, हा यातला खरा फायदा. अडचणी दोन. येताना अख्खा पडदा बाजूला सरकतो, आणि माणसाच्या डोळ्याच्या कडेला अक्षरं वाचता येत नसली तरी हालचाल लगेच टिपली जाते. साहेब पलीकडे कुणाशी बोलत असले तरी मान वळते. अ‍ॅक्सेसिबिलिटीमधलं अ‍ॅनिमेशन बंद केलं की हे सरकणं जातं. दुसरी अडचण स्वभावाची आहे. घाबरलेला माणूस बदलण्याऐवजी बंद करायला जातो, कंट्रोल-विंडोज-एफ-फोर दाबतो. डेस्कटॉप बंद होतो खरा, पण त्यातल्या विंडो मरत नाहीत. त्या शेजारच्या डेस्कटॉपवर, म्हणजे थेट कामाच्या फाइलींवर येऊन बसतात. चोराने मुद्देमाल उचलून स्वतःच चौकीत जमा करावा, तसा प्रकार.

स्क्रीनला लावायच्या त्या काळ्या प्रायव्हसी फिल्टरबद्दल मला फारसा आदर नाही. तो डावीउजवीकडून बघणाऱ्याला काळं दाखवतो. दोन्ही बाजूंना साधारण तीस-तीस अंशांपलीकडे काही दिसत नाही. शेजारचा सहकारी अडतो, त्याला तसाही आपल्या आयुष्यात रस नसतो. साहेब उभे राहतात खुर्चीच्या बरोबर मागे, तिथून सगळं लख्ख. शिवाय फिल्टर विकत आणून लावणारा माणूस काहीतरी लपवतो आहे, हे लांबूनही कळतं. त्यापेक्षा खुर्चीची जागा महत्त्वाची. पाठ भिंतीला लागलेली जागा सोडू नये, तिथे एसीचं पाणी गळत असलं तरी.

हा खेळ नवा नाही. विंडोजमधला पत्त्यांचा सॉलिटेअर 1990 साली विंडोज 3.0 बरोबर आला. तो मायक्रोसॉफ्टमधल्या वेस चेरी नावाच्या इंटर्नने लिहिला होता. त्याने त्यात साहेबांसाठी एक खास बटण ठेवलं होतं: दाबलं की पत्ते जाऊन खोटी एक्सेल शीट समोर. कंपनीने ते काढायला लावलं. पुढे 2006 मध्ये न्यूयॉर्कचे महापौर ब्लूमबर्ग आल्बनीतल्या आपल्याच पालिकेच्या कचेरीत गेले, एका कर्मचाऱ्याच्या स्क्रीनवर त्यांना सॉलिटेअर दिसला आणि त्या माणसाची नोकरी गेली. ते बटण राहिलं असतं तर, असं मनात येतंच.

खोट्या एक्सेलची गंमत अजून टिकून आहे. पण शीट कोरी नको. फिल्टर लावलेले, वरची ओळ गोठवलेली, एखादा कॉलम लाल-पिवळा आणि कर्सर मधेच कुठेतरी, दोनशे सत्तेचाळिसाव्या ओळीवर वगैरे. ए-वनवर, म्हणजे पहिल्याच चौकटीत बसलेला कर्सर सांगतो की फाइल आत्ताच उघडली. आणि महिना बदलला की शीट बदला. मार्चमध्ये नोव्हेंबरचा एमआयएस, म्हणजे कामाचा मासिक अहवाल, बघणाऱ्याला साहेब प्रश्न विचारतात, आणि तो प्रश्न कामाचा असतो. त्याहून मोठी आपत्ती नाही.

हे झालं डोळ्यांपासून लपवणं. पण लॅपटॉप ऑफिसचा असतो आणि तो साहेबांपेक्षा जास्त बघतो. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो, म्हणजे खासगी विंडोमध्ये उघडलं म्हणजे कुणाला कळत नाही, ही समजूत कशी पसरली कोण जाणे. तो फक्त त्या मशीनवर हिस्ट्री ठेवत नाही. ऑफिसच्या नेटवर्कला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते कळतंच. एरवी साइटवर आत काय केलंत ते एनक्रिप्शनमुळे झाकलेलं राहतं, पण कंपनीने लॅपटॉपमध्ये आपलं सर्टिफिकेट, म्हणजे साइट खरी असल्याचा डिजिटल दाखला, बसवलेलं असेल तर मधल्या प्रॉक्सीला, म्हणजे वाटेत बसवलेल्या कंपनीच्या कॉम्प्युटरला, आतलंही वाचता येतं. तपासणं सोपं आहे: बँकेची साइट उघडा, पत्त्याशेजारच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट कुणी दिलंय ते बघा. तिथे नेहमीच्या सर्टिफिकेटवाल्यांऐवजी तुमच्या कंपनीचं किंवा फायरवॉल बनवणाऱ्याचं नाव दिसलं, तर शिल्लक पाहायला घरी जा. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला की नेटवर्क चुकतं; लॅपटॉपमध्येच बसवलेलं पाळतीचं सॉफ्टवेअर चुकत नाही.

टीम्स या ऑफिसच्या अ‍ॅपवरचा, आपण जागेवर आहोत असं सांगणारा हिरवा ठिपका पाच मिनिटं हात न लावता बसलं की पिवळा होतो. त्यावर लोक माउस हलवणारं यंत्र आणतात. यूएसबीला लावायचं यंत्र नवा माउस म्हणून सिस्टीममध्ये नोंदलं जातं, आणि एका माणसाला तीन माउस कशाला, हे आयटीवाल्यांना कळतं. 2024 मध्ये वेल्स फार्गो बँकेने अशी खोटी हालचाल दाखवल्याबद्दल अमेरिकेत डझनभराहून जास्त लोकांना काढलं. खोटं काम करण्यासाठी खर्च, जोडणी आणि देखभाल एवढं सगळं करायचं, तर ते काम नाही का?

प्रिंटरबद्दल एकच सांगतो. प्रिंट सर्व्हरवर नाव, वेळ, पानं आणि फाइलचं शीर्षक यांची नोंद राहू शकते. ‘बायोडेटा_मुलगी_फायनल_2’ असं शीर्षक ठेवून दहा प्रती काढू नयेत. फाइलचं नाव आधी बदला, आणि मगच यंत्रात कागद अडकू द्या, तो अडकणारच.

आता तत्काळ. इथे सगळ्या विद्येची परीक्षा होते, कारण दहाला बुकिंग आणि दहालाच टीमची रोजची मीटिंग. सगळ्यात आधी कॅलेंडरवर पावणेदहा ते सव्वादहा जागा अडवा. आउटलुकमध्ये त्याला ‘प्रायव्हेट’ केलं की इतरांना विषय दिसत नाही. प्रवाशांची नावं, वयं आयआरसीटीसीच्या मास्टर लिस्टमध्ये आदल्या रात्री घरी भरा. लॉगिन फार आधी केलं तर आपण नुसते बसून राहिल्याने सेशन संपतं, फार उशिरा केलं तर कॅप्चातच कोकणकन्या भरते. पाच-सात मिनिटं आधी करावं. 15 जुलै 2025 पासून आधारचा ओटीपीही लागतो आणि तो मोबाइलवर येतो, म्हणजे मीटिंगमध्ये मान खाली घालून फोन बघणं आलं. स्क्रीन शेअर करायची वेळ आलीच तर पूर्ण स्क्रीन नाही, फक्त एकच विंडो. व्हॉट्सअ‍ॅपची सूचना उजवीकडून वर येते तेव्हा नेमका घरचा मेसेज असतो, ‘झालं का गं/रे?’ असा, आणि तो चाळीस लोक वाचतात. तेव्हा ‘डू नॉट डिस्टर्ब’ आधीच लावा. बॅक आणि रिफ्रेश मात्र कितीही घाम फुटला तरी दाबू नका. आयआरसीटीसी बाहेर काढते, साहेब तरी एकदा समज देऊन सोडतात.

सरळ जाऊन ‘साहेब, दहा मिनिटं तत्काळ करतोय,’ असं सांगायची पद्धतही आहे. ती धोक्याची आहे. साहेब रागावत नाहीत. ते म्हणतात, ‘अरे वा, माझंही बघ की, आम्हाला पण गणपतीला जायचंय, चौघं आहोत.’ एका तत्काळ तिकिटावर चारच प्रवासी बसतात. म्हणून सांगायला जायचं ते दहा वाजून सात मिनिटांनी, आपला पीएनआर आल्यावर.