पोरांना नुसतं "उठून दिसा" सांगू नका

आज भाचा रेझ्युमे दाखवायला आला होता. डाव्या बाजूला गडद निळा पट्टा, गोलात फोटो, खाली आडव्या रेघा: कम्युनिकेशन ९० टक्के, टीमवर्क ८५ टक्के. "हे कुणी मोजलं रे?" विचारलं तर म्हणाला, "मावशी, सगळे असंच करतात. उठून दिसायला पाहिजे ना." कुठल्याशा वेबिनारला पैसे भरून हे शिकून आलाय. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

नोकरी शोधणारी पोरं आधीच धास्तावलेली असतात. त्यांना "काहीतरी वेगळं करा" एवढंच सांगून पैसे उकळणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. वेगळं म्हणजे काय, ते सांगा की!

मी काही वर्षं अर्ज वाचणाऱ्यांच्या बाजूला बसलेली आहे. तेव्हाचा एक अर्ज अजून लख्ख आठवतो. साठ्याचा हिशेब सांभाळायला माणूस हवा होता. अर्जांचा ढीग पडला, आणि जो तो मेहनती, जिद्दी, ध्येयवेडा. एका मुलीने साधं लिहिलं होतं: आमच्या गोदामातला माल आणि कॉम्प्युटरमधला आकडा जुळायचा नाही. परत आलेला माल दोनदा चढवला जातोय, एकदा गेटवर आणि एकदा हिशेबात, हे मी पावत्या ताडून शोधलं. आता नोंद फक्त गेटवर होते. स्वतःबद्दल एक विशेषण नाही. तिला बोलवायचं की नाही, यावर आमच्यात चर्चासुद्धा झाली नाही.

आणि त्या सजावटीचं काय होतं माहितीये? मोठ्या कंपन्यांत अर्ज बहुतेक वेळा आधी एटीएस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये जातो. ते रेझ्युमेतला मजकूर उचलून नाव, शिक्षण, अनुभव अशा रकान्यांत भरतं. दोन कॉलम, टेबलं, चित्रात बसवलेली अक्षरं असली की पुष्कळदा ओळी एकमेकींत घुसतात, नाहीतर गळूनच जातात. जाहिरातीतले शब्द पांढऱ्या अक्षरांत लपवून टाकायचे, हेही शिकवतात म्हणे. अरे, पोरांना लबाडी शिकवताय? मजकूर वेगळा काढला की ती अक्षरं उघडी पडतात, आणि मग त्या पोराच्या खऱ्या कामावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

लिओनार्दो दा विंचीलाही काम मागावं लागलं होतं. इटलीतल्या मिलानची सत्ता हाती असलेल्या लुडोविको स्फोर्झासाठीचा, १४८२ च्या सुमाराचा त्याच्या पत्राचा मसुदा आजही उपलब्ध आहे. त्यात आधी हलके पूल, वेढ्यात खंदकातलं पाणी काढायच्या युक्त्या, तोफा. चित्रकला अगदी शेवटाकडे. कारण समोरच्याला काळजी लढाईची होती. गोदामवाल्या मुलीनेही तेच केलं. आमचं दुखणं काय असेल ते ओळखलं आणि तेवढंच लिहिलं.

डिझाइनच्या नोकरीत दिसण्याला महत्त्व आहे, मान्य. ओळखीचाही उपयोग होतो, नाही म्हणत नाही. पण ओळखीचा माणूससुद्धा विचारतोच ना, की काय काम केलंयस?

भाच्याला तेच विचारलं. "काही विशेष नाही गं," म्हणाला. खोदून विचारल्यावर कळलं, इंटर्नशिपमध्ये ग्राहकांच्या तक्रारी वाचायचं काम होतं. कुणी सांगितलं नसताना त्याने त्या प्रकारांनुसार लावल्या, आणि बऱ्याचशा एकाच फॉर्ममधल्या एका गोंधळलेल्या प्रश्नामुळे येताहेत हे साहेबांना दाखवलं. तो प्रश्न बदलला गेला. आणि रेझ्युमेत यातलं काय? "इंटर्नशिप, ३ महिने." माझ्या पोटात तुटलं हो. एवढं चांगलं काम केलेलं पोर, आणि त्याला स्वतःलाच ते सांगण्यासारखं वाटत नाही. आता आम्ही दोघं बसून ते चार ओळींत लिहितोय.

तो म्हणाला, इतके अर्ज केले, एकाचंही उत्तर आलं नाही, म्हणून वाटलं दिसण्यातच काहीतरी कमी असेल. यावर मला काही बोलता आलं नाही. तुमच्यापैकी जे कुणी माणसं निवडायचं काम करता, त्यांना हात जोडून सांगते, नकार असला तरी एक ओळ पाठवा. निदान ज्यांना मुलाखतीला बोलावलंत, त्यांना तरी.