गाल ६१ वर्षांचे

माझं वय ४८. माझ्या गालांचं ६१. कालपर्यंत मला हे माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्यामुळे माझं काही अडलंही नव्हतं.

ओठ फुटले होते म्हणून मलमाची डबी घ्यायला गेलो, एवढाच माझा गुन्हा. काउंटरमागे पांढरा कोट घातलेली एक तरुणी उभी होती. डॉक्टर नव्हे. कोटाच्या खिशावर कंपनीचं नाव भरतकामात होतं. "सर, फ्री स्किन अ‍ॅनालिसिस आहे," ती म्हणाली. फुकट म्हटलं की माझी हनुवटी आपोआप पुढे होते. ती यंत्राच्या खोबणीत टेकवली, तीनदा उजेड लखलखला आणि पडद्यावर माझा चेहरा आला. जांभळा, खड्ड्याखड्ड्यांचा, चंद्रावरून नुकताच उतरल्यासारखा. खाली ठळक आकडा, ६१.

"हे तुमच्या स्किनचं वय, सर."

हे तिला हळूही म्हणता आलं असतं. माझ्या मागे रांगेत उभे असलेले चौघे एकदम पुढे वाकले. एकानं तर मान तिरकी करून आधी पडदा बघितला, मग मला, आणि 'बरोबर आहे' अशी मान हलवली. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही. "तुमचे गाल किती वर्षांचे?" असं मी तिला विचारलं, तर म्हणाली, यंत्र स्टाफसाठी नाही.

मग तिनं एक बाटली माझ्या हातात दिली. समोर नायसिनामाइड, कोलॅजन, हायल्युरॉनिक अ‍ॅसिड अशी नावं, नाटकाच्या जाहिरातीत नटांची असतात तशी ठसठशीत. मागे घटकांची यादी, ती मात्र मुंग्यांनी शिस्तीत रांग लावावी तशी. मला जवळचं वाचायला चष्मा काढावा लागतो. तो डोक्यावर सरकवला आणि बाटली नाकाला लावली.

"काका, पुढचं नका वाचू. मागचं वाचा."

खाली बघितलं. बारा वर्षांची असेल. पाठीवर दप्तर, दातांना तारा. आई पलीकडे फोनवर कुणाशी तरी भांडत होती.

"मागचंच वाचतोय."

"मग फेनॉक्सीइथेनॉल शोधा."

"ते चांगलं असतं का?"

"चांगलं-वाईट नाही हो. ते खराब न होण्यासाठी घालतात. युरोपात नियमच आहे, १ टक्क्याच्या वर घालायचं नाही. आणि यादी जास्तीकडून कमीकडे लिहितात. मग त्याच्यानंतर जे येतं, ते सगळं..." आणि रिकामी जागा भरायला सांगणाऱ्या बाईंसारखी ती थांबली.

"१ टक्क्याच्या आत?"

"शाबास."

मला शेवटचं शाबास कधी मिळालं होतं ते आठवेना. ६१ वर्षांच्या गालांवर लाली आली असावी.

शोधलं. पहिलं पाणी, दुसरं ग्लिसरीन, मग तेलकट नावांचं एक खटलं, मग फेनॉक्सीइथेनॉल. त्याच्यामागे सुगंध. आणि सुगंधाच्याही मागे, लग्नघरात उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं, नायसिनामाइड.

"हे व्हिटॅमिन बी ३ असतं," तिनं बाटली माझ्या हातातून काढूनच घेतली. "२ ते ५ टक्के असेल तर काम करतं. डाग फिके होतात, तेल कमी येतं, बॅरिअर, म्हणजे स्किनची वरची भिंत, सुधारतो. इथे नुसतं नावाला आहे."

"आणि हे अ‍ॅसिड? तोंड भाजेल ना!"

तिनं माझ्याकडे जो कटाक्ष टाकला तो मी थेट शाळेत गणिताच्या तासाला शेवटचा अनुभवला होता. "काका, हायल्युरॉनिक भाजत नाही. पाणी धरून ठेवतं. आपल्या अंगात आधीपासून असतंच. आणि ते थोडंसंच लागतं, म्हणून शेवटी असलं तरी चालतं. भाजणारी वेगळी. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, म्हणून छिद्रात शिरतं, पिंपल्सना ते. ग्लायकोलिक पाण्यात विरघळतं, ते वरवरची मेलेली स्किन काढतं. तुम्हाला पिंपल्स येतात?"

"नाही."

"हं. तुमच्या वयात नाही येत."

घरी येऊन मी खातरजमा केली, कारण बारा वर्षांच्या मुलीचं सगळं खरं निघू नये अशी माझी मनापासून इच्छा होती. खरं निघालं. ते हायल्युरॉनिक १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर या दोघांनी गाईच्या डोळ्यातून वेगळं काढलं आणि काचेसाठीच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिलं. म्हणजे डोळ्यातला ऐवज गालाला लावायचा. बरं, हेही परवडलं. पायाच्या भेगांच्या क्रीममध्ये युरिया, म्हणजे लघवीत असतो तोच, असतो, हे कळल्यावर मी एकदा ती ट्यूब चिमटीत धरून कचऱ्यात टाकली होती. तो १८२८ पासून प्रयोगशाळेत बनवता येतो, हे कुणी वेळेवर सांगितलं असतं तर माझ्या टाचा आज निराळ्या असत्या.

"कोलॅजन, म्हणजे स्किनला घट्ट ठेवणारं प्रोटीन, ते तर विसराच," मुलीचा तास चालूच होता. "ते आत जातच नाही. खूप मोठं असतं."

हेही खरंच. ५०० डाल्टनपेक्षा (हे रेणूच्या वजनाचं माप) मोठा रेणू धडधाकट त्वचेतून सहसा आत शिरत नाही, असा ठोकताळा २००० साली मांडला गेला. कोलॅजन भरतं सुमारे तीन लाख. दारावरच्या रखवालदारानं त्याला आत सोडावं तरी कुठून? ते बाहेर पायरीवर बसून थोडा ओलावा धरतं, इतकंच. आणि तेवढं तर दुसऱ्या नंबरावरचं ग्लिसरीन आधीच करत असतं! मला त्या ग्लिसरीनबद्दल खरोखर वाईट वाटलं. जवळपास प्रत्येक बाटलीत राबतं आणि पुढच्या बाजूला त्याचं नाव कुणी छापत नाही. आमच्या ऑफिसात असं एक टेबल आहे. त्या टेबलावर मी बसतो.

मी ज्यासाठी गेलो होतो ती पेट्रोलियम जेली तर याहून उपेक्षित. तेलविहिरींच्या दांड्यांवर जमणारा चिकटा कामगार भाजल्या-कापल्यावर लावायचे, ते बघून रॉबर्ट चेसब्रो नावाच्या गृहस्थानं ती शुद्ध केली आणि १८७२ मध्ये पेटंट घेतलं. ते स्वतः रोज चमचाभर खायचे म्हणे. ९६ वर्षं जगले. त्वचेतून उडून जाणारं पाणी अडवण्यात या जेलीचा हात धरणारं अजून फारसं काही निघालेलं नाही. पण ती विकायला पांढरा कोट लागत नाही आणि यंत्रही लागत नाही, मग ती खालच्या फळीवर, झाडूच्या शेजारी.

राग याचा येतो. बाटलीवर 'आठवड्यात फरक जाणवतो' असं लिहून वर एक चांदणी काढायची आणि चांदणीचा अर्थ तळाशी, मुंग्यांच्याही लिपीत. अहो, वरचा थर बदलायलाच साधारण महिना लागतो, वय वाढेल तसा जास्त. आठवड्यात जाणवतो तो ओलावा. तो पहिल्याच दिवशी जाणवतो, आणि धुतला की जातो. मग माणसाला आधी ६१ चा करायचा, चारचौघांत, आणि मग बाटली पुढे करायची. घाबरलेला माणूस मागचं वाचत बसत नाही.

मुलीला हे सगळं सांगावं म्हणून वळलो आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. गाल लालभडक. नाकाच्या दोन्ही बाजूंना पापुद्रे सुटलेले.

"तू काय लावतेस गं?"

"सकाळी व्हिटॅमिन सी. रात्री रेटिनॉल. मध्ये मध्ये ग्लायकोलिक." पाढा म्हणावा तसं म्हणाली.

"रेटिनॉल? ते तर सुरकुत्यांसाठी ना?"

"आधीपासून लावलं की येत नाहीत."

"आणि सनस्क्रीन?"

इतका वेळ अखंड चाललेली तोफ प्रथमच थंडावली. "ते चिकट लागतं," ती दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाली. मग आईकडे एक नजर टाकून जवळ आली, केस मागे धरले आणि आवाज खाली आणला. पांढऱ्या कोटवालीला जो जमला नव्हता, तो आवाज.

"काका, मला इथे रेष दिसते का? कपाळावर?"

मी वाकून बघितलं. गुळगुळीत होतं. काहीही नव्हतं.

"नाही."

"नीट बघा ना."

"बघितलं. नाहीये."

"तुमचा चष्मा डोक्यावर आहे," ती म्हणाली आणि केस सोडून दिले.

मला जवळचं चष्म्याशिवायच नीट दिसतं, हे तिला समजावून सांगायच्या आत तिच्या आईचं फोनवरचं भांडण संपलं.