रोग राहू द्या, फाईल निरोगी ठेवा

समजा उद्या तालुक्यावरनं फोन आला, की लिंबूवर्गीय पिकांच्या रोगनियंत्रणावर देखरेख करायला समिती नेमतोय आणि शेतकरी प्रतिनिधी म्हणून तुमचं नाव घातलंय, तर घाबरून जाऊ नका. मी जतकडचा साधा लिंबूवाला, चाळीसेक झाडं, त्यातल्या निम्म्यांवर खैऱ्या रोग, पण बैठका इतक्या बघितल्यात की फुकट सल्ला द्यायचा हक्क आता माझा झालाय.

पहिलं म्हणजे बैठकीत रोगाचं नाव काढायचं नाही. खैऱ्या हा झँथोमोनास नावाचा जिवाणू, पावसाच्या थेंबाबरोबर उडतो, वाऱ्यानं पसरतो, नागअळीनं पान पोखरलं की तिथनं आत घुसतो, आणि डाळिंबावरचा तेल्या त्याच्याच भावकीतला, हे काय डाळिंबाच्या आटपाडीतल्या माणसाला शिकवायला नको. पण तुम्ही हे बोलायला लागलात की पाठोपाठ कुणीतरी विचारणार, मग औषध पावसाच्या आधी का नाही आलं, आणि मग चहा गार होतो. त्यापेक्षा “निधी किती टक्के खर्ची पडला” एवढंच विचारा. टक्का कानाला गोड लागतो. शंभर टक्के खर्च म्हणजे शंभर टक्के रोग गेला असं इतिवृत्त वाचणाऱ्याला वाटलं तर तो काय आपला दोष?

टायमिंग सांभाळा. जिवाणूला पावसाळा मानवतो आणि निधीला मार्च, या दोघांची गाठ पडू द्यायची नाही, यातच खरं कसब आहे राव. मला एकदा असंच किट मिळालं, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस अजून अडीच महिने लांब. कॉपर ऑक्सिक्लोराईडचा पुडा, स्ट्रेप्टोसायक्लीनच्या पुड्या, आणि पिशवीवर साहेबांचा एवढा मोठा फोटो की औषधाचं प्रमाण छापायला जागाच उरली नव्हती. जिओटॅग फोटोसाठी पंप पाठीला अडकवून झाडापुढं उभा राहिलो, पंपात नुसतं पाणी होतं, पण फोटो झकास आला. निधी वापरला म्हणून द्यायचं उपयोगिता प्रमाणपत्र त्याच संध्याकाळी गेलं म्हणे.

रोपवाटपाला नाही म्हणू नका. ग्रीनिंग नावाचा रोग कलमातनं पसरतो आणि सिट्रस सायला नावाच्या बारक्या किडीतनं पसरतो, म्हणजे कुठल्यातरी नर्सरीतली न तपासलेली कलमं अनुदानावर वाटली की किडीचे तेवढेच कष्ट वाचतात. नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथं रोगमुक्त रोपं तयार होतात, पण नागपूर लांब पडतं आणि ठेकेदार आपला जवळचा.

कुणी म्हणालं परदेशात बघा कसं असतं, तर जरूर बघा, अभ्यासदौऱ्याला वाव आहे. फ्लोरिडात कँकर, म्हणजे आपला खैऱ्याच, घालवायला सरकारनं नियम काढला की रोगट झाडापासून १९०० फुटांच्या आतली लिंबूवर्गातली सगळी झाडं तोडायची, लोकांच्या परसातली सुद्धा. दीड कोटीच्या वर झाडं गेली. मग चक्रीवादळांनी जिवाणू असा काही उधळला की जानेवारी २००६ मध्ये तिथल्या केंद्र सरकारनं मोहीमच गुंडाळली. भरपाई काय, तर परसातल्या पहिल्या झाडाला वॉलमार्टचं १०० डॉलरचं कुपन, पुढच्या प्रत्येक झाडाला ५५ डॉलर! लोक कोर्टात गेले, जिंकलेही, २०१७ मध्ये विधिमंडळानं भरपाईचे पैसे धरले तर गव्हर्नर रिक स्कॉटनी सुमारे पावणेचार कोटी डॉलरवर फुली मारली. म्हणजे पैसे अडकायला आपलं अनुदानाचं महाडीबीटी पोर्टलच लागतं असं काही नाही.

त्यात २००५ मध्ये तिथं ग्रीनिंग सापडला. २००३-०४ च्या हंगामात संत्र्याच्या २४ कोटी पेट्या निघायच्या, त्या २०२४-२५ मध्ये सव्वा कोटीच्या आत आल्या. मधल्या काळात पैसा नव्हता असं नाही, २०१४ च्या शेती कायद्यात संशोधनाला वर्षाला अडीच कोटी डॉलर ठेवले होते, आणि २०१८ मध्ये त्यांच्याच शास्त्रज्ञांच्या अकादमीनं लिहून दिलं की रामबाण असं काही हाती लागलेलं नाही. हे असलं लिहून घेणं टाळायचं बघा. आपल्याकडं “कामकाज समाधानकारक” हा शेरा आहे की, तो वापरा.

कॅलिफोर्नियाचं नाव मात्र चुकूनही काढू नका. तिथं २००९ चा कायदा आहे, बागायतदार ४० पौंडाच्या पेटीमागं स्वतः पैसे भरतात आणि समितीवरही तेच बसतात. फार घातकी प्रकार. स्वतःच्या खिशातनं गेलं की माणूस बैठकीत जागा राहतो, सापळे कुठं लावले, किती झाडांचे नमुने तपासले असलं काहीबाही विचारतो. आपल्याकडं पैसा वरनं येतो, म्हणून झोप चांगली लागते.

राहिला माहिती अधिकार. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं की ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, ही गोष्ट गावात फार पसरवू नका. मी एकदा अर्ज टाकला होता, आपल्या भागात किती बागांची रोगपाहणी झाली म्हणून. उत्तर अगदी वेळेत आलं, सहीशिक्क्यानिशी. प्रशिक्षणाची यादी होती, बॅनरचा खर्च होता, जेवणाचं बिल होतं, आणि पाहणीच्या रकान्यात एकच शब्द, निरंक.

तो कागद मी लॅमिनेट करून घेतलाय. माझ्या डागी लिंबाला सौद्यात कुणी हात लावत नाही, घेणारा एकच, चौकात लिंबू-मिरची ओवणारा पोरगा. त्याचं ठरलेलं गिऱ्हाईक आहे, दर शनिवारी सरकारी गाड्यांना बांधून येतो.