भांड्याचा दोष

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याच्यावर साडेतीन हजार मीटर उंचीवर, भरवाऱ्यात आणि आणखी आठ जणांच्या देखरेखीखाली तंबू उभारण्याचा प्रसंग आलेला नसावा. घर बांधताना निदान गवंडी ओळखू येतो आणि सल्ला देणारे शेजारी कुंपणापलीकडे असतात. आमच्या तळावर मात्र गवंडी आणि शेजारी या दोन्ही भूमिका नऊच्या नऊ जण एकाच वेळी वठवत होते, आणि त्यामुळे तीन तंबूंच्या कमानी, खुंट्या आणि ताणदोऱ्या यांचा एकमेकांत असा काही गुंता झाला होता की काही काळ आमच्याकडे एकच, पण सहा दारांचा तंबू असल्याचा भास होत होता.

झाडांची हद्द जिथे संपते त्याच्याही वर, बर्फाच्या पाण्याच्या ओहोळापासून थोड्या अंतरावर हा तळ होता. समुद्रसपाटीवर हवेचा जो दाब असतो, त्याच्या जेमतेम दोन तृतीयांश दाब या उंचीवर उरतो. त्या रात्री जे काही बिघडले त्याचे मूळ या एका वाक्यात आहे, हे मी आज शांतपणे सांगू शकतो. अडचण इतकीच, की बिघाड झाल्यावर माणसाला कोणाला तरी धारेवर धरावेसे वाटते, आणि हवा ही काही धारेवर धरण्याजोगी वस्तू नाही. त्यामुळे विरळ हवेच्या नावावरचे सगळे गुन्हे आम्ही आळीपाळीने एकमेकांच्या नावावर नोंदवले. माझ्या वाट्याला त्यांतले सर्वाधिक आले.

पहिला गुन्हा जागेच्या निवडीचा. वारा लागू नये म्हणून मी एक सुबक खळगा शोधून काढला, आणि सगळ्यांनी माझ्या दूरदृष्टीची वाखाणणी केली. सूर्य मावळल्यावर उतारावरची हवा थंड होते, थंड हवा जड असते, आणि जड हवा पाण्यासारखी उतारावरून वाहत खाली येऊन मिळेल त्या खळग्यात साचते, हे मी शाळेत शिकलो होतो. ते मला रात्री अकरा वाजता आठवले. उंचीमुळे दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांची घट होतेच. त्यावर माझ्या खळग्याने आपल्या पदरची भर घातली.

त्यातच कॅरीमॅट फुगवायच्या होत्या. घरी गालिच्यावर बसून जी मॅट मी पंधरा फुंकरांत फुगवली होती, तिच्यासमोर मी या उंचीवर चौथ्या फुंकरीला डोळ्यांपुढे काजवे पाहत आडवा झालो. मॅट आणि मी यांच्यात कोण कोणात हवा भरतो आहे, असे बघणाऱ्याला वाटले असावे. शेवटी ती अर्धवट फुगलेल्या स्थितीतच मान्य करण्यात आली.

तंबूवर ‘तीन माणसांसाठी’ असे छापलेले होते आणि ते शब्दशः खरे होते. अंथरलेली मॅट सुमारे पन्नास सेंटिमीटर रुंद असते. अशा तीन मॅटी शेजारी शेजारी लावल्या की तंबू भरतो. माणसाला कोपर असतात, पाठपिशवी असते, कुशीवर वळण्याची सवय असते, यांपैकी कशाचीही दखल तंबू मोजणाऱ्याने घेतलेली नसते. ‘मधली जागा उबदार असते’ असे सांगून मला मधे झोपवण्यात आले. बोलणारे दोघे अनुभवी होते, एवढे एकच त्या वेळी माझ्या लक्षात यायला हवे होते. यापुढे मी त्यांना डावा आणि उजवा असेच म्हणेन, कारण त्या रात्रीनंतर माझ्या मनात त्यांची तीच ओळख उरली आहे.

स्लीपिंग बॅग मी अभ्यास करून घेतली होती. तिच्या पट्टीवर तीन आकडे होते: ४ अंश, उणे १ अंश आणि उणे १६ अंश. मी अर्थातच उणे सोळा हा आकडा पाहून ती निवडली, कारण तो सर्वांत भारदस्त होता. या आकड्यांमागे एक रीतसर प्रमाणक आहे, आणि त्यात पहिला आकडा निवांत झोपेचा, दुसरा अंगाचे मुटकुळे करून कशीबशी झोपण्याचा, तर तिसरा झोपेचा नसून सहा तास थंडीने मरण न येण्याचा असतो, हे ज्ञान मला उजव्याने त्या रात्री, दिवा मालवल्यानंतर दिले. ‘सहा तासच का?’ असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘पुढचे त्यांनी लिहिलेले नाही.’ रात्र दहा तासांची होती.

आता बटाट्यांविषयी. प्रेशर कुकर वजनाच्या कारणावरून आमच्या लीडरांनी खालीच ठेवायला लावला होता आणि त्याच्या जागी मी माझे नवे कोरे, हलके भांडे आणले होते. संध्याकाळी सहाला त्यात बटाटे चढले. पाणी चटकन खदखदू लागले आणि सगळ्यांनी ताटल्या काढल्या. अर्ध्या तासाने सुरी टोचून पाहिली, ती बटाट्यात शिरली नाही. तासाभराने पाहिली, किंचित शिरली. दीड तासाने लीडरांनी स्वतः सुरी हातात घेतली, बटाट्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाले, ‘भांडे नवीन दिसते.’

मी खुलासा केला. दाब कमी असला की पाणी लवकर उकळते. इथे ते १०० अंशांऐवजी सुमारे ८८ अंशांवरच उकळते आहे, आणि एकदा उकळू लागले की त्याखाली कितीही आच लावली तरी ते त्याहून गरम होत नाही, नुसते वाफ होऊन उडून जाते. त्यातून गॅसच्या डब्यातले ब्युटेन थंडीत वायू व्हायला कुरकुर करते, म्हणून ज्योतही आजाऱ्यासारखी आहे. पुराव्यादाखल मी थेट चार्ल्स डार्विनला साक्षीला बोलावले. १८३५च्या मार्चमध्ये अँडीज पर्वत ओलांडताना त्याच्या पथकाच्या भांड्यातले बटाटे कित्येक तास उकळूनही कच्चे राहिले, भांडे रात्रभर विस्तवावर ठेवले, सकाळी पुन्हा उकळले, तरी ते शिजले नाहीत. डार्विनला कारण ठाऊक होते. त्याच्या दोन सोबत्यांनी मात्र आपसांत चर्चा करून निष्कर्ष काढला, की हे नवीन भांडेच मेले वाईट, त्याला बटाटे शिजवायचेच नाहीत.

माझी अपेक्षा अशी, की या गोष्टीवर सगळे हसतील आणि माझ्या भांड्याची निर्दोष मुक्तता होईल. सगळ्यांनी गंभीरपणे ऐकून घेतले. मग डावा म्हणाला, ‘म्हणजे त्यांचेही भांडे नवीनच होते तर.’ साक्षीदार फितूर होतो म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळले. रात्रीचे जेवण पाकिटातल्या सूपवर आणि बिस्किटांवर भागले. बटाटे खाण्यालायक नसले तरी गरम होते, म्हणून कोणीतरी ते मोज्यांत घालून पायांशी घेऊन झोपण्याची कल्पना काढली, आणि खरे सांगायचे तर त्या मोहिमेतील तेवढी एकच योजना पूर्णपणे यशस्वी झाली.

झोपण्यापूर्वी लीडरांनी प्रत्येकाला पाण्याचा हिशेब विचारला. उंचीवर पाणी भरपूर प्यावे असा त्यांचा दंडक होता, आणि ‘लघवीला वारंवार होते आहे म्हणजे शरीर रुळते आहे’ हे वाक्य ते आशीर्वादासारखे उच्चारत असत. त्यात तथ्य आहे. विरळ हवेत माणूस जोरजोरात श्वास घेतो, त्याने रक्तातला समतोल बिघडतो, आणि तो सावरण्यासाठी मूत्रपिंडे जादा काम करू लागतात. थंडी त्यांना आणखी प्रोत्साहन देते. म्हणजे माझी मूत्रपिंडे त्या रात्री माझ्याच भल्यासाठी राबत होती. त्यांनी वेळ तेवढी दोनची निवडली.

त्याआधी झोप लागली होती असे नाही. थंडीत बॅटऱ्या मान टाकतात म्हणून फोन, हेडटॉर्च आणि कॅमेऱ्याची बॅटरी स्लीपिंग बॅगेत. सकाळी चहा व्हावा म्हणून गॅसचा डबा स्लीपिंग बॅगेत. पाणी गोठू नये म्हणून बाटली स्लीपिंग बॅगेत. ओले मोजे आणि पायांशी बटाटे तर होतेच. एवढ्या बिऱ्हाडातून जी जागा उरली तीत मी होतो. दर वेळी कूस बदलताना गॅसच्या डब्याचा गार पत्रा पाठीला असा काही चिकटे, की मी ओरडू नये म्हणून मोज्याचे टोक दातांत धरत असे.

आणि डाव्याचा श्वास. तो आधी हळूहळू मोठा होत गेला, कळसाला पोचला, मग लहान होत होत पार थांबला. मी मनात आकडे मोजू लागलो. पाच. आठ. दहा. अकराव्या आकड्याला मी त्याला गदागदा हलवले. तो मोठ्याने श्वास ओढून उठला आणि त्याने विचारले, ‘काय झाले?’ ‘तू श्वास घेत नव्हतास,’ मी म्हणालो. ‘तू मघापासून तेच करतो आहेस,’ उजवा अंधारातून म्हणाला, ‘मी तुझे मोजत होतो.’ उंचीवर झोपेत हे अगदी निरोगी माणसालाही होते. जोरात श्वास घेऊन शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी झाला, की मेंदूला वाटते आता श्वासाची निकड नाही, आणि तो घटकाभर सुट्टी घेतो. मग प्राणवायू घटतो आणि तो धावत कामावर येतो. शास्त्र मला पाठ होते. तरीही तिघांनी पाळीपाळीने एकमेकांचे श्वास मोजत पडून राहणे याला झोप म्हणता येणार नाही. त्याला पहारा म्हणतात.

तर दोन वाजले. तंबूतून बाहेर पडावे की सकाळपर्यंत कळ काढावी, या प्रश्नावर मी तब्बल चाळीस मिनिटे विचार केला. बाजू अशी, की दार पायांच्या दिशेला, मी मधे, आणि दाराची चेन आतल्या बाजूने कापड गिळून बसलेली. शिवाय वारा आत येतो म्हणून हवेच्या खिडक्या मीच बंद केल्या होत्या, आणि तिघांच्या श्वासांतली सगळी वाफ वरच्या आच्छादनाला चिकटून तिचे हिमकण झाले होते. चेन एकदाची सुटली तेव्हा बसलेल्या हिसक्याने तो सगळा साठा खाली आला. तंबूच्या आत हिमवर्षाव झाला. एक कण उजव्याच्या कानात गेला, आणि त्याने कोणाचे तरी नाव घेऊन काहीतरी म्हटले. नाव माझे होते.

पाणवठ्यापासून आणि तंबूंपासून निदान साठ मीटर दूर जायचे, हा सर्वत्र पाळला जाणारा आणि अत्यंत योग्य नियम आहे. दिवसा साठ मीटर म्हणजे काहीच नाही. रात्री दोन वाजता, बुटांचे बंद न बांधता, दगडांतून, दर दहा पावलांना दम खात, ते अंतर मी पावले मोजून कापले. कोणाचीही झोप मोडू नये म्हणून हेडटॉर्च हाताने झाकली होती. साठ मीटर पूर्ण झाल्यावर हात काढला आणि पाहतो तो उतारावर इथे तिथे आणखी पाच दिवे. पाचही दिवे एकदम दुसरीकडे वळले. मीही माझा वळवला. आमचा निम्म्याहून अधिक गट, एकमेकांची झोप मोडू नये म्हणून जिवाच्या आकांताने आवाज न करता, त्या विशाल पर्वताच्या अंगावर विखुरला होता आणि तिथे कोणीच नाही असे मानून उभा होता. त्यांतला सर्वांत लांबचा दिवा लीडरांचा होता. ते चार लिटर प्यायले होते.

परतताना खरी कसोटी होती, कारण तिन्ही तंबू एकाच रंगाचे. मी आत्मविश्वासाने मधल्या तंबूकडे निघालो आणि ताणदोरी पायात अडकून आडवा झालो. ती खुंटी मीच ठोकली होती, त्यामुळे ती उपटली जाण्यास कसलीही हरकत नव्हती. तंबूची एक बाजू लीडरांच्या रिकाम्या अंथरुणावर अलगद विसावली. ते परत येईपर्यंत मी माझ्या स्लीपिंग बॅगेत शिरून शिस्तीत श्वास थांबवून पडलो होतो.

सकाळी ऊन तंबूवर पडताच दहा मिनिटांत आत भट्टी झाली, हिमकण वितळून सगळ्यांच्या अंगावर ठिबकले, आणि पडलेल्या तंबूची चौकशी सुरू झाली. वाऱ्यावर संशय घ्यावा असे मी सुचवले. रात्री वारा नव्हता, असे आठ जणांनी सांगितले. खळग्यात वारा लागत नाही. कचरा वर टाकायचा नाही म्हणून मोज्यांतले बटाटेही सामानात भरून खाली आणले.

घरी पोचल्यावर मी त्याच पोत्यातले उरलेले कच्चे बटाटे त्याच भांड्यात, घड्याळ लावून उकळले. पंचवीस मिनिटांत ते असे मऊ झाले, की सुरी आपल्या वजनाने आत गेली. त्याचा फोटो, शेजारी घड्याळ ठेवून, मी आठही जणांना पाठवला. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग लीडरांचे उत्तर आले: ‘छान. दुसरे भांडे घेतलेत वाटते?’